व्हिडिओ पाहून सीएनसी शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लोटे-परशुराम, खेर्डी, मिरजोळे, कुडाळ या एमआयडीसींच्या आसपासची बरीच मुलं हल्ली मोबाईलवर टर्निंग-मिलिंगचे व्हिडिओ बघून शिकायला बघतात. त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारा) लेथ आणि फॅनक कंपनीचं कंट्रोल, म्हणजे मशीनचा संगणक, धरून दिली आहेत, कारण नवख्याच्या वाट्याला आधी तेच येतं. व्हीएमसीचं (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचं) जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

नुसते व्हिडिओ बघून सीएनसी येतं का?

अर्धं येतं. कोड, प्रोग्रामची रचना, ऑफसेट (टूलच्या मापासाठी मशीनला दिलेली दुरुस्ती) म्हणजे काय, कुठली सायकल (एका आज्ञेत होणारी ठरावीक हालचालींची मालिका) कुठे वापरायची, एवढं घरी बसून पक्कं होतं. एका मशीनभोवती अख्खी बॅच उभी करून शिकवतात तिथल्यापेक्षा कधीकधी बरंच होतं, कारण व्हिडिओ हवा तितक्या वेळा मागे नेता येतो. उरलेलं अर्धं म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे मशीनच्या जबड्यात, कसा आणि किती दाबून धरायचा, टिप (टूलची कापणारी धार, म्हणजे इन्सर्ट) झिजली की कटचा आवाज कसा बदलतो, मायक्रोमीटर किती हलक्या हाताने फिरवायचा. हे शॉपमध्ये उभं राहिल्याशिवाय येत नाही. म्हणून खाली जागोजागी तो हात कोकणात कुठे मिळेल हेही आलं आहे.

पहिल्या दिवसापासून जी कोड पाठ करू का?

नको. आधी ड्रॉइंग आणि माप.

बहुतेक जण इथेच उलटं करतात. जी०० (न कापता वेगाने सरकणं, म्हणजे रॅपिड), जी०१ (सरळ रेषेत कापणं) पाठ झालं की प्रोग्रामर झालो असं वाटतं, आणि मग ड्रॉइंगवर व्यास २५ एच७ लिहिलेला होल आला की गाडी अडते. एच७ म्हणजे तो होल २५.००० पेक्षा लहान चालणार नाही आणि २५.०२१ पेक्षा मोठा चालणार नाही. मुभा २१ मायक्रॉनची. तुमच्या हातातल्या साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. त्याची एक रेघ चुकली की सगळी मुभा संपली. असा होल व्हर्नियरने तपासतच नाहीत. प्लग गेज लागतो किंवा डायल बोअर गेज. प्रोग्राम कितीही सुंदर असला तरी हे न कळणारा माणूस मशीनवर एकटा सोडता येत नाही.

तेव्हा पहिले काही आठवडे व्हिडिओ बघायचे ते ड्रॉइंग वाचण्याचे, व्हर्नियर-मायक्रोमीटरचे, लिमिट आणि फिटचे. कंटाळवाणे असतात, मान्य. एक व्हर्नियर मात्र विकत घ्याच आणि घरातला पाइपचा तुकडा, पंपाचं बेअरिंग, बोल्ट, जे सापडेल ते मोजून वहीत लिहा. मोजल्यावर तेच माप दुसऱ्याकडून घेऊन बघा. दोघांत फरक किती येतो ते बघितल्यावर मायक्रॉनची खरी किंमत कळते.

साधा लेथ आधी शिकलाच पाहिजे का?

सक्ती नाही, पण ज्याने शिकलाय तो वेगळा ओळखू येतो. हाताने कॅरेज फिरवताना कट जड झाल्याचं मनगटाला कळतं. सीएनसीवर सर्व्हो मोटर तक्रार न करता ढकलत राहते आणि कळतं ते टिप फुटल्यावर.

याबाबत कोकणातल्या मुलांना एक सोय आहे, जी त्यांच्या लक्षात येत नाही. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण, जिथे जिथे ट्रॉलर आहेत तिथे जवळपास एखादं लेथवाल्याचं दुकान असतंच. पावसाळी मासेमारीबंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्या की शाफ्ट सरळ करणं, स्टर्न ट्यूबचे बुश बदलणं, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बोअरचा टेपर, म्हणजे निमुळता उतार, शाफ्टशी जुळवणं अशी कामं येतात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांनाच घाई असते. त्या दिवसांत दुकानदाराला उचलाठेवीला, चिप झाडायला, माप धरायला माणूस हवाच असतो. जा आणि विचारा. तिथला लेथ जुना असेल, लेथवाला अजून बार 'चार सुती' नि 'सहा सुती' (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हणून मागत असेल, पण सेंटर लावून लांब शाफ्टचा डायल कसा बघायचा हे तो तुम्हाला जसं दाखवेल तसं कुठल्याही चॅनेलवर दिसणार नाही.

कुठले व्हिडिओ बघावेत?

चॅनेलपेक्षा क्रम महत्त्वाचा, तरी काही नावं सांगतो. मशीन बनवणाऱ्या हास कंपनीचे सेटिंग, वर्कहोल्डिंग, टूलिंगवरचे छोटे व्हिडिओ मुद्देसूद असतात. टायटन्स ऑफ सीएनसीची अकॅडमी मोफत आहे, ड्रॉइंग आणि मॉडेलसकट धडे देते. अमेरिकी थाट थोडा जास्त आहे, तो वगळून काम बघा. कटिंगमागचं शास्त्र हवं असेल तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची मॅन्युफॅक्चरिंगची व्याख्यानं आहेत. ती संथ आहेत, पण चिप कशी तयार होते, उष्णता कुठे जाते हे त्यांच्याइतकं नीट कोणी सांगत नाही. इन्सर्टसाठी सँडविक कोरोमंटचं मोफत ऑनलाइन शिक्षण आहे.

हिंदीत फॅनकवर शिकवणारे भरपूर आहेत, मराठीतही आता सापडतात. त्यातल्या कुणाकुणाचा कोड बरोबर असतो आणि कारण चुकीचं असतं. 'असंच करायचं असतं' एवढंच सांगणाऱ्याला सोडून द्या.

इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

चालेल. मशीनवरचे अलार्म आणि बटणं इंग्रजीतच असतात, तेवढे शंभरेक शब्द वहीत काढून ठेवा. बाकी शॉपमध्ये मराठी-हिंदीच चालते.

व्हिडिओत जसा दाखवला तसाच प्रोग्राम टाकला, मशीन अलार्म देतं. का?

कारण तो व्हिडिओ तुमच्या कंट्रोलवरचा नव्हता. व्हिडिओवरून शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त दगा इथे बसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रफिंगची जी७१ घ्या. फॅनकच्या हल्लीच्या कंट्रोलवर ती दोन ओळींत लिहितात. पहिल्या ओळीत यू म्हणजे एका पासची खोली आणि आर म्हणजे मागे सरकणं. दुसऱ्या ओळीत पी, क्यू (आकार सांगणाऱ्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीचे क्रमांक) आणि फिनिशिंगसाठी ठेवायचं मटेरियल. त्या दुसऱ्या ओळीतही यू आहेच, पण त्याचा अर्थ वेगळा. हासवर हीच सायकल एका ओळीत येते आणि खोलीसाठी डी वापरतात. जुन्या फॅनकवरही एका ओळीची पद्धत आढळते. सीमेन्सवर तर जी७१चा या कामाशी संबंधच नाही, तिथे तो मेट्रिक मापाचा कोड आहे आणि रफिंगला वेगळी सायकल आहे. थ्रेडिंगच्या जी७६चीही हीच कथा.

दुसरा सापळा जी९८ आणि जी९९चा. फॅनकच्या नेहमीच्या लेथवर जी९८ म्हणजे मिनिटाला इतके मिलिमीटर फीड (टूल सरकण्याचा वेग) आणि जी९९ म्हणजे एका फेऱ्याला इतके मिलिमीटर. व्हीएमसीवर तेच दोन कोड ड्रिलिंग सायकलमध्ये टूल परत कुठल्या उंचीवर यायचं ते सांगतात. मिलिंगचा व्हिडिओ बघून लेथवर गेलेला मुलगा इथे हमखास घोटाळतो. लेथवर जी९८ चालू राहिलं आणि एफ०.२ दिलं तर टूल मिनिटाला ०.२ मिमी सरकेल, मशीन बंद पडल्यासारखंच दिसेल. उलट जी९९ चालू असताना मिनिटाच्या हिशोबाने एफ१०० टाकलं तर एका फेऱ्यात १०० मिमीची मागणी होते. मशीन एकतर अलार्म देईल किंवा मिळेल त्या वेगाने टूल जॉबमध्ये घालेल.

तिसरा सापळा दशांश चिन्हाचा. बऱ्याच फॅनक मशीनवर एक्स५० असं टिंब न देता लिहिलं तर मशीन ५० मिमी नव्हे, ५० मायक्रॉन समजतं. काही मशीनवर पॅरामीटर बदललेला असतो आणि ५० म्हणजे ५०च. त्यामुळे नेहमी 'एक्स५०.' असं टिंब देऊन लिहायची सवय लावा, म्हणजे दोन्हीकडे सुरक्षित.

आणि इंच. अमेरिकी व्हिडिओत 'पाच थाउ' म्हणजे इंचाचे पाच हजारांश, ०.१२७ मिमी. तिथला माणूस 'एक टेन्थ' म्हणतो तेव्हा इंचाचा दहा हजारांश भाग सांगत असतो, सुमारे अडीच मायक्रॉन. ते ०.१ मिमी समजलात तर चाळीस पट चुकलात.

यावर उपाय एकच. तुम्ही ज्या मशीनवर उभे राहणार त्याचं कंट्रोल कुठलं, मॉडेल कुठलं ते लिहून आणा आणि त्याचं प्रोग्रामिंग मॅन्युअल मिळवा. व्हिडिओत सायकल बघितली की मॅन्युअलमधलं तेच पान उघडायचं. दोघांत फरक दिसला तर मॅन्युअल बरोबर.

व्हिडिओ बघायची काही पद्धत आहे का? बघतो तेव्हा कळतं, नंतर आठवत नाही.

आडवं पडून बघितलं तर असंच होणार. वही-पेन घेऊन बसा. शिकवणारा ड्रॉइंग दाखवतो तिथेच व्हिडिओ थांबवा. ड्रॉइंग वहीत उतरवा, आपला क्रम लिहा: आधी फेसिंग, मग रफिंग, ग्रूव्ह कधी, थ्रेड कधी, पार्टिंग कधी. मग पूर्ण प्रोग्राम लिहा, चुकेल तसा. त्यानंतरच पुढे बघा आणि त्याच्या प्रोग्रामशी ओळ ओळ ताडून पाहा. जिथे फरक पडला तिथे त्याने तसं का केलं याचं कारण शोधा. दहा मिनिटांचा व्हिडिओ असा बघायला दोन तास लागतात. रोज एक पुरे.

पावसात नेटवर्क आणि वीज दोन्ही जातात, तेव्हा मे महिन्यातच हवे ते उतरवून ठेवा.

स्पीड-फीड व्हिडिओतलेच वापरू का?

नाही. त्याचं मशीन, मटेरियल, टिप, पकड सगळं वेगळं आहे. दाखवायला सोपं म्हणून बहुतेक जण ॲल्युमिनियम कापतात. तुमच्या पुढ्यात ईएन८चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) बार असेल नाहीतर एसएस ३१६ चा (स्टेनलेस स्टीलचा).

हिशोब स्वतः करा, तो अवघड नाही. आरपीएम = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × व्यास). कटिंग स्पीड मीटर प्रति मिनिट, व्यास मिलिमीटरमध्ये. कटिंग स्पीडची शिफारस इन्सर्टच्या डबीवर मटेरियलप्रमाणे छापलेली असते. समजा ती २०० आहे आणि व्यास ४० मिमी, तर साधारण १५९० आरपीएम. त्याच स्पीडला व्यास १० मिमी झाला की सुमारे ६३७० आरपीएम. फेसिंग करताना टूल सेंटरकडे जातं तसा व्यास शून्याकडे जातो, म्हणजे जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावलं असेल तर कंट्रोल आरपीएम वाढवतच जाणार. म्हणून जी९६ च्या आधी जी५० एस२००० अशी वरची मर्यादा घालतात. आकडा चक, जॉबची लांबी आणि पकड पाहून ठरवायचा. पुष्कळ छोट्या व्हिडिओंत ही ओळ दिसतच नाही, कारण त्यांनी आखूड, गोल, नीट पकडलेला तुकडा घेतलेला असतो. तुमच्याकडे वाकडा फोर्जिंग पीस आला आणि जी५० नसेल तर जॉब चकमधून सुटून दारावर आदळतो.

फीड फिनिशशी जोडलेलं आहे. टर्निंगमध्ये पृष्ठभागावर उरणाऱ्या उंचवट्याची उंची साधारण फीडचा वर्ग भागिले आठ पट नोज रेडियस (टिपच्या टोकाची गोलाई) इतकी येते. ०.८ रेडियसची टिप आणि ०.२ फीड असेल तर सहा मायक्रॉनच्या वर. फीड ०.१ केलं तर दीड मायक्रॉनच्या आसपास. फीड अर्धं, खडबडीतपणा पाव. पण हे कागदावरचं. एसएसवर फीड फार कमी केलं तर टिप कापायच्या ऐवजी घासते, वरचा थर कडक होतो आणि पुढच्या पासला टिप त्याच कडक थरावर आपटते. नवख्याला वाटतं हळू चालवलं म्हणजे सुरक्षित. एसएससाठी ते खरं नाही.

इन्सर्टवरचे आकडे कसे वाचायचे?

सीएनएमजी १२०४०८ घ्या. सी म्हणजे ८० अंशांचा चौकट आकार, एन म्हणजे क्लिअरन्स शून्य, १२ ही कडेची लांबी, ०४ जाडीचा क्रमांक (प्रत्यक्षात ४.७६ मिमी), ०८ म्हणजे ०.८ नोज रेडियस. डी आला तर ५५ अंश, व्ही आला तर ३५. टोक निमुळतं तितकी ती अडचणीच्या जागी जाते आणि तितकीच लवकर मोडते.

घरी मशीन नाही. सराव कसा करू?

मिलिंगसाठी एनसी व्ह्यूअर ब्राउझरमध्ये चालतं, कॅमोटिक्स संगणकावर मोफत मिळतं. दोन्हीत टूलचा मार्ग दिसतो. लेथच्या जी७१सारख्या सायकली या मोफत साधनांत धड चालत नाहीत.

लेथसाठी मी आलेखाचा कागद सुचवीन. एक्स आणि झेडचे बिंदू मांडा, प्रोग्रामची प्रत्येक ओळ पेन्सिलीने ओढा, रॅपिड तुटक रेघेने, कट सलग रेघेने. लेथवर एक्स हे व्यासाचं माप असतं, कागदावर मात्र निम्मं मांडावं लागतं. हे एकदा हाताने केलं की पुन्हा गोंधळ होत नाही. तुटक रेघ जॉबच्या आतून गेली तर मशीनवर तिथेच टूल ठोकलं असतं. वीज नसली तरी हा सराव चालतो.

सिम्युलेटरवर बरोबर आलं, मशीनवर माप चुकलं. असं का?

सिम्युलेटरला टूल वाकत नाही, जॉब तापत नाही, टिप झिजत नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. १०० मिमी व्यासाचा जॉब कटमधून २० अंश गरम होऊन बाहेर आला तर त्याच क्षणी घेतलेलं माप वीसेक मायक्रॉन मोठं दिसेल. तेवढं कमी करून टाकलंत तर थंड झाल्यावर जॉब अंडरसाइज, म्हणजे भंगारात.

टिप झिजते त्यासाठी वेअर ऑफसेट असतो. शाफ्टचं माप २४.९८ ते २५.०० हवं आहे आणि आलं २५.०३. मधलं माप धरायचं, २४.९९. वेअर ऑफसेटमध्ये एक्सला वजा ०.०४. प्रोग्रामला हात लावायचा नाही. शॉपमध्ये ऑपरेटर दिवसभर मुख्यतः हेच करत असतो, आणि व्हिडिओवाले याला अर्धं मिनिट देतात.

नोज रेडियस कॉम्पेन्सेशन खरंच लागतं का? मी न लावता चालवलं, माप बरोबर आलं.

सरळ व्यास आणि सरळ फेस असेल तर येईल. टेपर आणि आर्कवर चुकेल.

ट्रॉलरच्या शाफ्टचं टोक समजा १ः१० टेपरचं आहे. १०० मिमी लांबीत व्यास १० मिमीने कमी होतो. सीएनसीवर ही जी०१ची एकच ओळ, एक्स४० पासून एक्स५० पर्यंत, झेड उणे १००. साध्या लेथवर याच कामाला कंपाउंड फिरवून अर्धा दिवस जायचा. पण टूलचं टोक टोकदार नसून गोल आहे, आणि ऑफसेट घेताना आपण जो बिंदू धरतो तो प्रत्यक्षात हवेत असतो. सरळ कटवर त्याने फरक पडत नाही. तिरक्या रेघेवर मात्र गोलाईचा दुसराच बिंदू कापतो आणि टेपरचा कोन बरोबर येऊनही व्यास थोडा मोठा राहतो. पंखा मग शाफ्टवर पाहिजे तितका आत बसत नाही. जी४२ लावा, ऑफसेट पानावर रेडियस आणि टूलच्या टोकाच्या दिशेचा क्रमांक भरा. बाहेरच्या टर्निंगला नेहमीच्या मागच्या टरेटच्या (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याच्या) मशीनवर ३, बोअरिंगला २ आणि जी४१. काम झालं की जी४०, म्हणजे कॉम्पेन्सेशन बंद.

व्हिडिओत दार उघडं ठेवून चालवतात, कुलंटही बंद असतो. आपणही बघायला तसं करावं का?

अजिबात नाही. ते कॅमेऱ्यासाठी असतं. कॅमेऱ्याला दिसावं म्हणून कुलंट बंद, दार उघडं, कधी इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारी कळ) बायपास केलेला. दार हे सुटलेल्या जॉबच्या आणि तुमच्या छातीच्या मधे असतं.

हातमोजे घालून फिरत्या चकजवळ जायचं नाही, मोजा अडकला की हात आत जातो. चिप हाताने ओढायची नाही, हूक वापरायचा. फुल बाही, गळ्यातला गंडा, हातातला धागा, मोकळे केस काही नको. श्रद्धेचा धागा असेल तर शिफ्टपुरता खिशात ठेवा, देव रागावत नाही. बार स्पिंडलच्या मागून बाहेर आला असेल तर आधार लावल्याशिवाय स्पिंडल फिरवू नका, बाहेर आलेलं टोक वाकतं आणि चाबकासारखं झोडपतं. आणि हायड्रॉलिक चकचा पेडल कुठे आहे ते बघूनच मशीनसमोर उभं राहायचं.

पहिल्यांदा स्वतःचा प्रोग्राम चालवायचा आहे. काय करू?

सेटरला (मशीन लावून देणाऱ्या कारागिराला) शेजारी उभं करा. सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड ओव्हरराइड सगळ्यात खाली, एक हात फीड होल्डवर (हालचाल थांबवणाऱ्या बटणावर). टूल जॉबजवळ आलं की थांबवा आणि पडद्यावरचा उरलेला प्रवास बघा. पडदा म्हणतो अजून ३० मिमी जायचंय आणि डोळ्याला अंतर पाच मिमी दिसतंय, तर ऑफसेट चुकलाय. रीसेट दाबा आणि शोधा. टूल बदललं की हेच पुन्हा, प्रत्येक टूलसाठी. लोक पहिल्या टूलला काळजी घेतात आणि तिसऱ्याला ठोकतात.

दमट हवेचा आणि खाऱ्या वाऱ्याचा मशीनवर काय परिणाम होतो?

व्हिडिओ बनवणारे बहुधा कोरड्या, एसी शॉपमध्ये असतात, त्यामुळे हा भाग कुणी शिकवत नाही. किनाऱ्यालगत फिनिश केलेला ईएन८चा जॉब पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबूस दिसतो. शिफ्ट संपण्याआधी गंजरोधक तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. उघड्या हाताने फिनिश पृष्ठभाग धरू नका, घामाचे ठसे गंजून उमटतात. मेजरिंगची साधनं पुसून, तेलाचं बोट फिरवून पेटीत.

इलेक्ट्रिकल कॅबिनेटचं दार उघडं टाकून टेबल फॅन लावणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्यातून खारट दमट हवा थेट ड्राइव्हच्या कार्डांवर जाते. दार बंद ठेवा, कॅबिनेटचा एसी आणि फिल्टर दुरुस्त करून घ्या. कुलंटचं प्रमाण डोळ्याने ठरवू नका, रिफ्रॅक्टोमीटरने बघा. पातळ झाला की मशीनचा बेडही गंजतो.

वीज वारंवार जाते तिथे अर्थिंग आणि स्टॅबिलायझर हवाच. एन्कोडरच्या (अक्षाची जागा सांगणाऱ्या भागाच्या) बॅटरीचा अलार्म दिसला तर बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली तर अक्षांचं होम हरवतं आणि सर्व्हिस इंजिनिअरला पुण्याहून किंवा कोल्हापूरहून घाट उतरून यावं लागतं.

गणित किती लागतं?

दहावीच्या भूमितीइतकं. पायथागोरस, साइन, कोस, टॅन. बीजगणित कच्चं असेल तरी चालेल, टॅन मात्र रोज लागतो.

सरळ कॅम सॉफ्टवेअर (मॉडेलवरून प्रोग्राम तयार करणारं) शिकलो तर? हाताने प्रोग्राम लिहायचे दिवस गेले ना?

व्हीएमसीवर, डाय-मोल्डमध्ये, हो, कॅमशिवाय भागत नाही. फ्यूजनची वैयक्तिक, बिगरधंद्याच्या वापराची मोफत आवृत्ती शिकायला पुरते, फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे. पण इकडे येणारी कामं बघा: पंपाची स्लीव्ह, शाफ्ट, फ्लँज, बुश. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांना अशा मेंटेनन्सच्या वस्तू सतत लागतात आणि त्या लेथवर हाताने लिहिलेल्या वीस-पंचवीस ओळींत होतात. कॅमने काढलेला प्रोग्राम मशीनवर अडला तर तो वाचता आला पाहिजे, म्हणूनही हाताने लिहिणं आधी.

ऑनलाइन सर्टिफिकेट दाखवून नोकरी मिळेल?

सर्टिफिकेट बघून कुणी मशीन हातात देत नाही. मुलाखतीत ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि एक जॉब पुढे ठेवतात. कागद हवाच असेल तर आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा ट्रेड करा आणि त्यानंतर ॲप्रेंटिसशिप. व्हिडिओ त्याच्या जोडीला. आयटीआयतलं मशीन बंद असेल तर तक्रार करत बसण्यापेक्षा तिथला साधा लेथ पूर्ण वेळ वापरा, त्याच्याभोवती गर्दी नसते. डीजीटीच्या (केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या) भारत स्किल्स पोर्टलवर ट्रेडचं साहित्यही मोफत आहे.

कोकणात राहूनच हे काम मिळेल, की बाहेर जावंच लागेल?

खरं सांगायचं तर सुरुवातीला बाहेर गेलेलं बरं. इकडे मशीन थोडी, कामं विविध पण कमी संख्येने. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे फाउंड्रीला लागून मशीन शॉपची रांगच आहे. भोसरी-चाकणचं तर सांगायलाच नको. सावंतवाडी-कुडाळकडच्या मुलांना गोव्यातलं वेर्णा जवळ पडतं. तिथे दोन-तीन वर्षांत ऑपरेटरचा सेटर होता येतं, मात्र त्यासाठी शिफ्ट संपल्यावर सेटर टूल बदलत असतो तिथे अर्धा तास थांबायची तयारी हवी. मुंबईत कुठेतरी चिकटून चाकरमानी व्हायचं आणि गणपतीला गावी यायचं, त्यापेक्षा हा हुन्नर घेऊन परत येता येतं.

मुलींना जमेल का?

जमतं. जड जॉब उचलायला होइस्ट असतो आणि तो मुलांनीही वापरायचा असतो. रात्रपाळी आणि येण्याजाण्याची सोय काय आहे, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या.

शिकून झाल्यावर गावाकडे स्वतःचं सेकंडहँड मशीन टाकायचं आहे. काय बघू?

आधी काम बघा, मग मशीन. निदान दोन गिऱ्हाइकं महिन्याला काय देतील ते लिहून काढा. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सारख्या योजनेसाठी जिल्हा उद्योग केंद्रात प्रकल्प अहवाल मागतात, तो याच कागदावरून होतो. थ्री फेज लोड महावितरणकडून मंजूर व्हायला वेळ लागतो, तो अर्ज मशीन ठरवण्याआधी.

मशीन बघायला जाताना डायल गेज सोबत न्या. स्पिंडलला टेस्ट बार लावून रनआउट (फिरताना होणारा डगमग) बघा. अक्ष एकाच बिंदूवर दोन्ही बाजूंनी आणून बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी ढिलाई) बघा, मग तोच बिंदू पुन्हा पुन्हा गाठून डायल परत तिथेच येतो का ते बघा. टरेट सगळ्या जागांवर फिरवा. स्पिंडल निदान तासभर चालवून बेअरिंगपाशी हात लावा. कॅबिनेट उघडून कार्डांवर पांढरट बुरशी किंवा हिरवट गंज आहे का पाहा. विकणारा 'फक्त रंग द्यायचा राहिलाय' म्हणत असेल तर स्लाइडवेचं कव्हर काढायला लावा. आणि पैसे देण्याआधी पॅरामीटरचा बॅकअप, लॅडर (मशीनच्या आतल्या स्विच-मोटरांचा प्रोग्राम) आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग हातात घ्या. ते नसेल तर किंमत पाडून मागा, कारण एकदा मेमरी उडाली की ते परत मिळवण्याचा खर्च तुमच्याच माथी येणार.